झेंडूचे मूळ गाव

॥ श्री गणेशाय नमः ॥

भाद्रपदात महाराष्ट्रात पावसाळा असतो, तर इथे जॉन्सनव्हिलमध्ये हिवाळा नुकता सरत असतो. झेंडूचे बी अजून पेरायचे असते आणि जास्वंद गारठलेली असते. त्यामुळे "आपली फुलं नाहीत, पूजा अपुरी वाटते" ही हळहळ दर गणेशोत्सवात घरोघरी ऐकू येते. मी पेशाने डॉक्टर. तक्रार ऐकली की आधी पूर्वेतिहास विचारायचा, ही जुनी सवय. तेव्हा आज फुलांचाच पूर्वेतिहास पाहू या.

ज्याच्यावाचून आपला दसरा साजरा होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. शेवंती आणि अ‍ॅस्टर चीनकडचे. तळेगावच्या हरितगृहांतून पुण्या-मुंबईला जाणारा जरबेरा दक्षिण आफ्रिकेचा. आपल्या हारातली बरीच मंडळी अशी परदेशातून आलेली आहेत आणि देवाने कुणाचा पासपोर्ट पाहिलेला नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी एवढेच मागतात. फुलाचे नाव सांगत नाहीत. अट एकच, भक्तीची.

मग इथला कॅमेलिया बाप्पाला का चालू नये? तो तर आपल्या चहाचा सख्खा भाऊ. १८९३ साली न्यूझीलंडच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्या लढ्याची खूण म्हणजे पांढरा कॅमेलिया. तबकात पाण्यावर सोडला की सुरेख दिसतो. लाल फूल हवे असेल तर कार्नेशन किंवा जरबेरा आहेच.

आता भक्ती म्हणजे नेमके काय करायचे? फुलांच्या बाबतीत तरी उत्तर सोपे आहे: निगा. देठ कापला की फुलाचे मुळांशी नाते संपते. देठातल्या सूक्ष्म नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकला की पाणी वर चढत नाही. माणसाच्या रक्तवाहिनीतही हवा शिरली तर असाच घात होतो. म्हणून धारदार सुरीने देठ पुन्हा तिरका कापून लगेच पाण्यात ठेवावा. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, ती कुजली की जंतू वाढतात आणि नळ्या तुंबतात. पाणी रोज बदलावे. जरबेऱ्याचा देठ लवकर कुजतो, त्याला थोडेच पाणी द्यावे. डॅफोडिलच्या देठातून चिकट रस गळतो, तो इतर फुलांना बाधतो, म्हणून त्याला आधी काही तास वेगळे ठेवावे. आणि नैवेद्याची पिकलेली केळी, सफरचंदे फुलदाणीपासून दूर ठेवावीत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन लवकर मान टाकते. शेवंती मात्र सोशिक, नीट जपली तर दोन आठवडेही टिकते.

हे सारे फुलांसाठी आपण हौसेने करतो. पण मित्रहो, मुळांपासून तुटलेले आणखी कुणी आपल्या घरात आहे का? आपण तरुणपणी इथे आलो, रोपासारखी नवी मुळे धरली. मुले तर इथल्या मातीतच उगवली. सत्तरीत आपल्याकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना मात्र नवी मुळे फुटणे अवघड. झोप नाही, भूक नाही, अंग दुखते, अशा तक्रारी घेऊन ज्येष्ठ मंडळी येतात आणि पुष्कळदा तपासण्यांत काहीच सापडत नाही. रक्तदाबाची गोळी मुलगा-सून वेळेवर देतात, पण आज दिवसभरात तुम्ही कुणाशी बोललात, हे घरात कुणी विचारलेले नसते. यावर माझ्याकडे गोळी नाही. फुलदाणीतले पाणी रोज बदलावे लागते, रविवारी एकदाच भरपूर ओतून भागत नाही. माणसाचेही तसेच आहे.

म्हणून यंदा एक करा. बाजारातून तयार हार आणू नका. मिळतील ती फुले आणा आणि आजी-आजोबांना सुई-दोरा घेऊन मध्ये बसवा. शेजारी नातवंडांना बसवा. ओवता ओवता गावाकडच्या गोष्टी निघतील, त्या मुलांना ऐकू द्या. आणि विसर्जनानंतरही रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे टीव्ही बंद करून त्यांच्याजवळ बसा. बाप्पाला ही पूजा नक्की पोहोचेल.

गणपती बाप्पा मोरया!