चालता संगणक भंगारात का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर घेता येतील एवढी सवलत ठेवली, पण निकाल लागलेला होता. त्या दिवशी जगातला एकही संगणक बिघडला नव्हता. बिघडले ते त्यांचे भवितव्य, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आलेला चार गाभ्यांचा कोअर आय-सेव्हन ७७०० या चाळणीत गळतो. पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन वर्ग, युनिकोडमधले मराठी टंकलेखन यांतले त्याला न जमणारे काय आहे, याचे उत्तर कोणी द्यावे.

असा संगणक फेकायला नकार देणारे लोक गावोगाव आहेत. त्यांना हौशी म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. यंत्र संथ का झाले हे ते आधी शोधतात, आणि बहुतेक वेळा दोष सापडतो हार्ड डिस्कमध्ये. तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि तिच्यावरचा वाचक-दांडा प्रत्येक फाइलसाठी जागा हुडकत राहतो. त्या एका शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात आणि संगणक सुरू होताना असे हजारो शोध होतात. तिथे एसएसडी बसवली की तोच संगणक मिनिटांऐवजी सेकंदांत उघडतो. मग रॅमची आणखी एक पट्टी. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती खरवडून नवी लावायची, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा. शेवटी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा सगळा माल मिळतो आणि तो बसवून देणारे हातही.

लिनक्सचा इतिहास इथे सांगायलाच हवा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ते ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर लिहायला घेतले. १९८५ च्या त्या प्रोसेसरचा आधार लिनक्सच्या गाभ्यातून निघाला तो २०१२ च्या अखेरीस. डेबियननेही २०२५ च्या आवृत्तीत ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. म्हणजे तिथेही यंत्रे निवृत्त होतात. पण ती निवृत्ती उघड चर्चेतून, सांभाळण्याचे कष्ट उपसणाऱ्यांच्या मताने ठरते.

आपल्याकडे मात्र दुरुस्ती हे गरिबीचे लक्षण आणि खरेदी ही प्रगती, अशी समजूत घट्ट बसली आहे. घरात मुलाला जुना लॅपटॉप देताना आईबापांना ओशाळे वाटते. शाळांत आणि कचेऱ्यांत तर संगणक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढतो. तो बंद पडला की लेखापरीक्षणाच्या धास्तीने कोणी त्याचा स्क्रू फिरवत नाही. वर्षे जातात, खोली कुलूपबंद राहते, आणि एके दिवशी सगळा ढीग वजनावर विकला जातो.

ढीग पुढे कुठे जातो? २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो, जिथे तांब्यासाठी तारा जाळतात आणि सर्किटांतला धातू आम्लात सोडवतात. आपल्या सोयीची किंमत तिथल्या कामगारांची फुप्फुसे मोजतात.

सगळेच जुने जपावे असे मी म्हणत नाही. पेंटियम ४ च्या काळातले संगणक कामाच्या मानाने फार वीज खातात, ते पुनर्चक्रणालाच जावेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. आणि न चालणारी यंत्रे ‘दान’ म्हणून आश्रमशाळेत नेऊन टाकणे हा मुलांचा अपमान आहे. द्यायचा तो संगणक डिस्क पुसून, नीट करून, चालवून दाखवून द्यावा.

केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांनी संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले, शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ गटांतली मुले आपल्या शाळेतली यंत्रे सांभाळायला हातभार लावत आहेत. परवाना विकत घ्यावा लागला नाही की जुन्या यंत्राला जागा मिळणे सोपे होते.

महाराष्ट्राला यातले काही अवघड नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत नूतनीकरण करणाऱ्यांना स्वतंत्र स्थान आहे. शासनाने एवढेच करावे: संगणक नोंदवहीतून काढण्याच्या, म्हणजे निर्लेखनाच्या, प्रस्तावाला तंत्रज्ञाचा दाखला सक्तीचा करावा. त्यात एसएसडी, वाढीव रॅम आणि लिनक्स लावून यंत्र तपासले की नाही, तपासले तर ते कुठे अडले, हे लिहिलेले असावे. तपासणी जवळच्या आयटीआयच्या विद्यार्थ्यांकडून, मोबदला देऊन करून घ्यावी. दाखल्याशिवाय आलेला प्रस्ताव परत पाठवावा.