हजेरी नव्हे, कृपा

आजचे वचन: इफिसकरांस 2:8-9

काल शिफ्ट संपवून नांद्याला घरी पोचेपर्यंत बारा वाजले. प्रार्थना न करताच झोपलो. सकाळी पवित्र शास्त्र उघडायची लाज वाटली. म्हटलं, आधी दोन दिवस नीट वागू, मग प्रभूसमोर बसू. म्हणजे देवाच्या दयेलाही मी हजेरी लावली होती!

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पण पुढे त्यांनीच साक्ष दिली, की धर्म मिळाला तरी ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे उमगायला आठ वर्षं गेली. आपण आहोत तसं त्याच्या दयेवर विसंबायचं, एवढंच उरलं होतं.

मग चांगली कामं कशाला? 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुली-बायकांना आपल्या पुणे जिल्ह्यातच, केडगावला आसरा दिला. ती तारणाची किंमत नव्हती. फुकट मिळालं, म्हणून फुकट वाटलं.

आज लाज वाटतेय? ती घेऊनच या.

प्रभू, माझा हिशोब मी मिटवू शकत नाही. तू मला तसाच जवळ घे. आमेन.