धाक घालणारी बाहुली

बाळाचा त्रास दाखवला की मुली लवकर आई होणार नाहीत, या समजुतीवर ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मोठा प्रयोग झाला. २००३ पासून पुढची काही वर्षं तिथल्या शाळांतल्या १३ ते १५ वर्षांच्या मुलींना शनिवार-रविवार सांभाळायला एक यांत्रिक बाळ दिलं गेलं. जोडीला आरोग्याचे धडे होते, अल्पवयीन आयांच्या मुलाखतींची चित्रफीतही होती.

ही बाहुली मूळची अमेरिकेतली. रिक आणि मेरी जरमेन या दांपत्यानं ती १९९० च्या दशकात बनवली. त्याआधी तिकडच्या शाळा मुलांच्या हाती पिठाची पिशवी किंवा अंडं देत आणि बाळासारखं जपायला सांगत. बाहुली मात्र खरोखर झोप उडवते. ती वेळीअवेळी रडते. तिला दूध हवंय, ढेकर काढायचाय, लंगोट बदलायचाय की नुसतं झुलवायचंय, हे ओळखावं लागतं. मान सावरली नाही किंवा जोरात हलवलं, तर आतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं.

पर्थच्या प्रयोगात ५७ शाळांची दोन गटांत विभागणी झाली होती आणि ती कुणाच्या मर्जीनं नव्हे, यदृच्छेनं केलेली होती. मुलींचा माग त्यांच्या विसाव्या वर्षापर्यंत रुग्णालयांच्या नोंदींतून काढला गेला. सॅली ब्रिंकमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. बाहुलीच्या गटातल्या १,२६७ मुलींपैकी ८ टक्के आई झाल्या; नेहमीचंच आरोग्यशिक्षण मिळालेल्या १,५६७ मुलींपैकी ४ टक्के. गर्भपाताचं प्रमाण ९ आणि ६ टक्के. घरच्या परिस्थितीतले फरक हिशेबात धरले तर तफावत काहीशी कमी होते, पण उलटत नाही.

बाहुलीमुळेच गर्भधारणा वाढल्या, असं मी म्हणणार नाही. तिनं त्या रोखल्या नाहीत, एवढं मात्र नक्की. मला यात धाकाच्या शिक्षणाचाच पराभव दिसतो. ज्या मुलीला पुढचं शिक्षण, नोकरी, स्वतःच्या कमाईचं आयुष्य दिसत असतं, तिला जागरणाची भीती घालावी लागत नाही. जिच्यासमोर यातलं काहीच नाही, तिला बाळ म्हणजे कुणीतरी हक्काचं माणूस वाटू शकतं. शिवाय बाहुली घरी असते तेव्हा घरादाराचं लक्ष त्या मुलीकडे असतं, आणि मग बाहुली परतही जाते. मुलग्यांचं काय? ही पाहणी फक्त मुलींची होती. बाप होण्याची जबाबदारी वर्गाबाहेरच राहिली.

आपल्याकडे गाठ वेगळीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालं होतं. त्यांतल्या कितीतरी जणी धाकटं भावंड कडेवर घेऊनच वाढलेल्या असतात. बाळ रात्री रडतं, हे त्यांना कुठल्या यंत्रानं शिकवायचं? लग्नाचा निर्णय बहुधा त्यांच्या हाती नसतो, आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या बाळाचाही नसतो.

म्हणून पालकत्व शाळेत जरूर शिकवावं, पण मुलगे-मुली दोघांना. त्यात शरीर, गर्भनिरोधन, नकाराचा हक्क आणि मूल वाढवण्याचा खर्च हे सगळं मोकळेपणानं यावं. तुम्ही कुठल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल, तर येत्या बैठकीत एवढं तरी विचारा : गेल्या वर्षी दहावी झालेल्या आपल्या मुली आज कुठे आहेत, आणि ज्या घरी बसल्या त्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी आपण काय करणार आहोत?