फारोख बलसारासाठी झालेली प्रार्थना

२७ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनच्या केन्सल ग्रीन भागातल्या स्मशानगृहात पस्तीसेक माणसे जमली होती. ‘क्वीन’ या बँडमधले सोबती होते, एल्टन जॉन होते, जवळच्या मैत्रीण मेरी ऑस्टिन होत्या. आणि बोमी व जेर बलसारा हे आईवडील होते. पांढऱ्या वस्त्रांतल्या पारशी धर्मगुरूंनी अवेस्ता भाषेतल्या प्रार्थना म्हटल्या. ज्या फारोखला जगाने फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतले, त्याला निरोप मिळाला तो झरथुष्ट्री पद्धतीने. प्रार्थना झाल्या आणि देहाचे दहन झाले.

या दोन वाक्यांत एक धर्मसंकट दडलेले आहे. झरथुष्ट्री धर्मात अग्नी पवित्र. मृतदेहाच्या स्पर्शाने अग्नी, पाणी आणि भूमी विटाळतात, म्हणून तर दखम्याची पद्धत आली: मुंबईत डुंगरवाडीला देह उघड्यावर, गिधाडांच्या हवाली करायचा. ज्या अग्नीला अगियारीत, म्हणजे अग्निमंदिरात, चंदन वाहायचे, त्यालाच प्रेत द्यायचे ही कल्पना सनातनी पारशाला सोसवत नाही. शिवाय ज्याच्यासाठी हे सारे चालले होते, त्याने प्रौढपणी धर्म पाळल्याचे दिसत नाही. मग ती प्रार्थना कोणाची होती? त्याची, आईवडिलांची, की धर्माची?

‘क्वीन’चा इतिहास बहुधा १९७० मध्ये लंडनपासून सुरू केला जातो. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा ‘स्माइल’ हा बँड फुटला, त्यांना फारोख येऊन मिळाला, पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. त्याआधीची चोवीसेक वर्षे चाहत्यांच्या बोलण्यात क्वचितच येतात. बलसारा घराणे मूळ गुजरातचे. आडनावातच बलसाड, म्हणजे आजचे वलसाड आहे. वडील झांझिबारमध्ये ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी नोकरीत रोखपाल होते. ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारोख तिथेच जन्मला. लहानपणी त्याची नवजोत झाली, म्हणजे अंगात सदरा आणि कमरेला बहात्तर धाग्यांची कस्ती आली. यस्नाचे अध्याय बहात्तर, म्हणून धागे बहात्तर.

आठेक वर्षांच्या त्या मुलाला बोटीने भारतात पाठवले गेले, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. ही शाळा अँग्लिकन वळणाची. तिथे तो पियानो शिकला, समूहगानात गायला, आणि चार मित्रांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. फ्रेडी हे नावही शाळेतलेच. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता गेली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडमध्ये फेल्टमला येऊन राहिले.

घरात पारशी प्रार्थना, बेटावर पाच वेळची अजान, शाळेत ख्रिस्ती स्तोत्रे. या तिन्हींचा मागमूस गाण्यांत लागतो. १९७३ च्या पहिल्या अल्बममध्ये फारोखने लिहिलेले ‘जीझस’ नावाचे सरळ कथागीत आहे. ताऱ्याच्या मागोमाग बेथलेहेमला गेलेले तीन ज्ञानी पुरुष त्यात येतात. मत्तयाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्यांच्यासाठी ‘मागोइ’ हा शब्द आहे, आणि इराणी धर्मगुरूंना ग्रीक लोक याच शब्दाने ओळखत. म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्यांचे नाव पारशी मोबेदांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पूर्वसूरींचे! १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो. १९७८ च्या ‘मुस्तफा’ची सुरुवात तर अजानीच्या सुरासारखी आहे. यावरून त्याची श्रद्धा ठरवायला जाऊ नये. त्याच्या कानांनी काय काय साठवले होते, एवढेच यातून कळते. तेही थोडे नाही.

मृत्यूनंतर त्याच्यावर हक्क सांगणारे आणि तो नाकारणारे दोन्ही निघाले. २००४ मध्ये इराणने ‘क्वीन’च्या गाण्यांचा संग्रह अधिकृतपणे विकू दिला, तेव्हा त्याच्या इराणी वंशाचा उल्लेख झाला. २००६ मध्ये झांझिबारमध्ये साठाव्या जयंतीच्या सोहळ्याला एका मुस्लिम संघटनेने विरोध केला. त्याच्यावरच्या २०१८ च्या चित्रपटात वडिलांच्या तोंडी सद्विचार, सद्वचन आणि सत्कर्म ही त्रिसूत्री घालून मुलाला शेवटी त्या सूत्रात बसवले आहे. पडद्यावर ते हृद्य वाटते, पण अवघड प्रश्न तिथे सुटतो तो फार स्वस्तात.

माणूस पारशी ठरतो तो जन्माने की श्रद्धेने, हा तो प्रश्न. मुंबईच्या उच्च न्यायालयात तो १९०८ मध्येच उभा राहिला होता. रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नी सुझान ब्रिएर यांनी रीतसर नवजोत करून घेतली होती. त्यांना अगियारीत जाण्याचा आणि मृत्यूनंतर डुंगरवाडीचा हक्क आहे का? न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी सांगितले की धर्मात धर्मांतराला जागा आहे, पण पारशी पंचायतीच्या विश्वस्त निधींचा लाभ पारशी समाजापुरता आहे, आणि पारशीपण वंशाने येते. श्रद्धेने आलेली बाई बाहेर राहिली. जे. आर. डी. टाटांच्या या आई.

म्हणजे फारोख पारशी होता तो जन्माने, तो काय मानतो हे कोणी विचारणारच नव्हते. एवढ्यावर थांबले तर धर्म म्हणजे निव्वळ वंशावळ ठरतो. केन्सल ग्रीनमध्ये मात्र त्यापुढचे काही घडले. इंग्लंडमध्ये दखमा नाही. तिथल्या पारशांनी एकोणिसाव्या शतकापासून ब्रुकवूडची दफनभूमी स्वीकारली आणि पुढे दहनही. शास्त्राला न मानवणाऱ्या जागी उभे राहून धर्मगुरूंनी शास्त्रातलीच प्रार्थना म्हटली. मृताला तिची गरज होती का, हे कोणाला ठरवता येणार नाही. जेरबाईंना ती नक्कीच होती. आईच्या गरजेपुढे नियम वाकला आणि त्यात धर्माची हानी झाली नाही.

मुंबईत हे सोपे गेले नाही. दहन केलेल्यांसाठी आणि मिश्रविवाह केलेल्यांच्या घरी विधी केल्याबद्दल २००९ मध्ये पारशी पंचायतीने दोन धर्मगुरूंना डुंगरवाडीत बंदी केली. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे जवळजवळ संपवली होती, तरी वरळीच्या स्मशानभूमीत पारशांसाठी प्रार्थनागृह व्हायला २०१५ उजाडले. २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यावर वरळीतच अंत्यसंस्कार झाले.

या समाजाने काय करावे हे बाहेरच्याने सांगणे अवघड आहे. पण केन्सल ग्रीनला त्या दिवशी जे झाले ते योग्य झाले, याबद्दल शंका वाटत नाही. प्रौढपणी धर्म न पाळलेल्या मुलाला तिथे जे न मागता मिळाले, ते नवजोत करून आलेल्या सुझानबाईंना मुंबईत मिळायला हवे होते.