ठळक छापलेला आकडा

मावशीचा रिपोर्ट आला तेव्हा ती मटार सोलत बसली होती. घाबरलो ते आम्ही. रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी ४१०, तेही ठळक अक्षरांत, आणि समोर मर्यादा १२५. भाच्याने मोबाइलवर शोधलं, 'हार्ट फेल' एवढेच शब्द सगळ्यांनी वाचले आणि संध्याकाळपर्यंत फोनवर फोन.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. मावशीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला. खळगा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती. जिना चढताना धाप लागते का, झोपताना उशा किती लागतात, हे विचारलं. मग म्हणाले, "वय ७९ ना? पंचाहत्तरीनंतर मर्यादा ४५० धरतात." ते खाली बारीक अक्षरांत छापलेलंही होतं.

हृदय म्हणजे पंप, हे आपण शाळेत शिकलो. १९८१ मध्ये कॅनडात आदोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयातल्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर काही मिनिटांत त्यांच्या लघवीतून पाणी आणि मीठ भरपूर जाऊ लागलं. म्हणजे हृदय ग्रंथीचंही काम करतं. ताण पडला की हार्मोन सोडून अंगातलं पाणी कमी करा म्हणून मूत्रपिंडाला कळवतं. त्याच जातीचं बीएनपी १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात मेंदू आला ('बी' म्हणजे ब्रेन). ते मुख्यतः हृदयातूनच येतं हे नंतर समजलं, पण नाव तेच राहिलं. आपल्याकडचा बाळू साठीतही बाळूच असतो, तसं. मावशीच्या रिपोर्टमधला आकडा या बीएनपीबरोबर सुटणाऱ्या तुकड्याचा.

वयाबरोबर हृदयाच्या भिंती ताठर होतात, मूत्रपिंडं मंदावतात आणि आजार नसतानाही हा आकडा चढतो. लठ्ठ माणसात उलट तो कमी दिसतो, तेव्हा लहान आकड्यावरही फार विसंबू नये.

टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन ही हार्मोन मात्र वयाबरोबर उतरतात, आणि उतरलं ते भरून काढावं हा मोह जुना आहे. पाळी गेल्यावर हार्मोन दिले तर हृदय जपलं जाईल, अशी समजूत होती. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या जोडगोळीने हृदयविकार थोडे वाढलेच. २००२ मध्ये चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. पुरुषांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, ५,००० हून अधिक जणांची. टेस्टोस्टेरॉनने हार्ट अटॅक वाढले नाहीत, घटलेही नाहीत. ठोके अनियमित होण्याचं प्रमाण मात्र वाढलं. शिवाय हृदय थकलं की टेस्टोस्टेरॉन आणखी उतरतं. तेव्हा कमी आकडा आजाराचं कारण की आजाराची सावली, हे न बघता भर घालणं मला तरी उतावीळपणाच वाटतो.

पण मावशीची गोष्ट सांगून कुणी निर्धास्त होऊ नये. पायाला सूज असेल, उताणं झोपल्यावर दम कोंडत असेल, तर 'वय झालं, चालायचंच' म्हणून घरी बसू नका.