बिल्ला, चिप आणि फेरफार

जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला टिकत नाही, तेव्हा कातडीखाली चिपच बसवा, असा सल्ला हल्ली फार सहज दिला जातो. काटेरी झुडपात अडकून कान फाटतो, बिल्ला गळतो, चोर तो कापून टाकतो. चिपचे तसे होत नाही. हे सगळे खरे, तरीही सल्ला उथळच आहे. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी आणि तिच्यात पंधरा आकडी क्रमांक. तिला बॅटरी नसते, जनावर कुठे आहे हे ती सांगत नाही, मालकाचे नाव तिच्यात नसते. रीडर जवळ धरला की ती आकडा सांगते, बस्स. बिल्लाही बारा आकडे सांगतोच. त्या आकड्यापुढे नाव कोणाचे, हे दोन्ही बाबतींत दुसरीकडेच, कुठल्या तरी नोंदवहीत ठरते. त्या वहीतले नाव शिळे असेल तर न गळणारी चिप ते शिळे नावच जन्मभर सांगत राहील.

अहिल्यानगरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात या नावाला पैशाचे मोल आहे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार रुपये मदत ठरली. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आले, तेव्हा गाईचा टॅग आणि मालकाचे आधार जुळणे अटीत होते. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला बंदी आली आणि ग्रामपंचायतीच्या विक्री दाखल्यावर टॅग नंबर लिहिणे बंधनकारक झाले. आता लोणीचा, घोडेगावचा किंवा काष्टीचा बाजार डोळ्यांसमोर आणा. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो, विसार दिला जातो, दावे हातात येते, गाय टेम्पोत चढते. बिल्ला तिच्याबरोबर जातो. बिल्ल्यांची सरकारी वही असलेल्या ‘भारत पशुधन’ प्रणालीतले नाव मात्र कोणीतरी मुद्दाम बदलल्याशिवाय बदलत नाही. मालकी हस्तांतराची सोय तिथे आहे, पण सारा सरकारी जोर बिल्ला मारण्यावर आहे.

नोंद करणे आणि नोंद बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि माझ्या मते कुठल्याही नोंदवहीची किंमत दुसऱ्या कामावरून ठरते. जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. नुसत्या गट नंबरावर कोणी शेत घेत नाही, फेरफार पाहतो. हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे, तलाठ्याने नोटीस काढायची, हरकत आली तर वरच्या अधिकाऱ्याने ऐकायची, मगच नोंद प्रमाणित होते. ही व्यवस्था गैरप्रकारांपासून मुक्त आहे असे कोणीच म्हणणार नाही. पण काम कोणाचे आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा, हे तिथे ठरलेले आहे.

परदेशात चिपमुळे हा प्रश्न सुटला, हेही तपासून पाहावे. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप २०१६ पासून सक्तीची आहे, पण नोंदी वेगवेगळ्या खासगी कंपन्यांच्या वह्यांत विखुरल्या आहेत. अमेरिकेत ‘सेव्ह धिस लाइफ’ नावाची नोंदणी कंपनी २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली. चिपा जागच्या जागी शाबूत, त्यांच्यामागचे मालकांचे पत्ते मात्र हरवले. आपल्याकडच्या पालिका उद्या पाळीव कुत्र्यांना चिप सक्तीची करतील, तेव्हा निविदेत सुईच्या किमतीआधी वही कोणाच्या ताब्यात राहणार हे लिहिले गेले पाहिजे.

गाईच्या नोंदीतले नाव बदलण्यासाठी बाजाराच्या गर्दीत शेतकऱ्याला मोबाइल उघडायला लावणे हा जाच आहे, ही हरकत रास्त आहे. म्हणून ते काम सौदापावती फाडणाऱ्या बाजार समितीवर टाकावे. गोठ्यावर होणाऱ्या सौद्यात, नाव बदलेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची धरावी. खरी अडचण भाकड गाईची. गोहत्याबंदीमुळे तिला उघड गिऱ्हाईक नाही. ती गुपचूप जाते किंवा मोकाट सुटते, आणि तिच्यापुढे आपले नाव नसलेलेच सगळ्यांना बरे वाटते. तिच्या मानेत चिप सापडली तरी नोंदीतला मालक म्हणेल, मी तिला केव्हाच विकली. आणि त्याचे खरे की खोटे हे ठरवणारा फेरफार कुठल्याच दप्तरात नसेल.