ब्रेक कुणासाठी?

माणूस श्रीमंत झाला की नवी मोटार घेतो. फारच श्रीमंत झाला की जुनी घेतो. 1961 साली इंग्लंडात निघालेली जॅग्वार ई-टाइप आजही पोटच्या पोरीसारखी जपणारे लोक आहेत. जुन्या वस्तू आम्ही बँकेतले कारकूनही जपतो. पण आमचे कुणी कौतुक करीत नाही.

या मंडळींपुढे एक धर्मसंकट असते. गाडीचे मूळचे ब्रेक-कॅलिपर ठेवायचे, की नवे दणकट, चार पिस्टनांचे बसवायचे? कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा चिमटा. सनातनी म्हणतात, "मूळ भाग काढलात की गाडी बाटली!" सुधारक म्हणतात, "अहो, आधी जगू तर द्या!" म्हणजे सोवळे-ओवळे काही आपल्याकडेच आहे असे नाही.

पण या वादात तिसऱ्या माणसाला कुणी विचारीतच नाही. तो म्हणजे रस्ता ओलांडणारा. गाडीचा अस्सलपणा मालकाच्या खाती जमा. आणि ब्रेक लागला नाही तर रक्कम नावे पडणार या बिचाऱ्याच्या! अशी नोंद कुठलाही हेडक्लार्क पास करणार नाही. तेव्हा नवे कॅलिपर खुशाल बसवावेत. जुने तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत. इतिहास माळ्यावर सुखरूप राहतो.

हिशेब मात्र इथे मिटत नाही. 1953 साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइपने जिंकली, त्यात तिच्या डिस्क-ब्रेकचा वाटा मोठा होता. थांबता येते म्हणून गाडी पहिली आली! वळणापाशी उशिरा ब्रेक मारता आला की तेवढे अधिक पळता येते. रस्त्यावरच्या मालकाचेही तेच होते. ब्रेक उत्तम, म्हणून अॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप खाली जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा पचवावी लागते. आणि कॅलिपर कितीही थोर असला तरी शेवटी रस्ता धरून ठेवतो तो टायरच. पगार वाढला तरी महिनाअखेरीस शिल्लक तेवढीच, त्यातली गत!

माझे म्हणणे एवढेच, की चांगल्या ब्रेकमुळे मिळालेली सुरक्षितता आपल्या वेगावर उधळू नये. ती रस्ता ओलांडणाऱ्याची ठेव आहे. दुसऱ्याची ठेव आपण वापरायची नसते. बँका वापरतात म्हणा. पण त्या निदान व्याज तरी देतात.